मदत हवी आहे: सांडपाण्याचा गाळ आणि अन्नकचरा एकत्र, गॅस कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी. आमच्या डायजेस्टरमध्ये (जिवाणूंकडून बायोगॅस तयार करून घेणारी हवाबंद टाकी) सांडपाण्याच्या गाळासोबत आता अन्नकचराही घालतो. नुसत्या गाळात नायट्रोजनच्या मानाने कार्बन कमी. अन्नकचऱ्याने कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० ते ३०च्या दिशेने सरकतं, म्हणून हा मार्ग मला मनापासून पटतो. तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस. पण अन्नकचरा वाढवला की आम्लं साचतात, पीएच ६.८च्या खाली जातो आणि मिथेन घटतो. चुना घालून सावरतं, पण तो तात्पुरता इलाज वाटतो. आम्ल-क्षारता गुणोत्तर (साचलेली आम्लं आणि त्यांना तोलून धरणारी क्षारता यांचं प्रमाण) किती झालं की तुम्ही टाकीतला भरणा कमी करता? आणि गाळ आधी तापवून घेतला तर वाढीव गॅसमधून त्या उष्णतेचा खर्च भरून निघतो का? प्रत्यक्ष प्रकल्प चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.