ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी तपासून शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची नाशिकमध्ये माहिती हवी आहे

नमस्कार. माझे वय 41 असून मी नाशिकमध्ये एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. विषय नाजूक आहे, पण ज्यांनी हे सोसले आहे त्यांच्याकडूनच नेमकी माहिती मिळेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे दुसरे बाळंतपण साडेपाच वर्षांपूर्वी झाले. बाळ पावणेचार किलोचे होते, चिमटा लावावा लागला आणि टाकेही बरेच पडले. तेव्हापासून खोकला किंवा शिंक आली, पाण्याची कळशी उचलली, की लघवीचे थेंब जातात. घरातल्या आणि शेजारच्या बायकांनी "होते असे, जाईल हळूहळू" म्हणून सांगितले आणि मीही ते मानले. शाळेत जाताना पॅड लावणे, गडद रंगाची साडी निवडणे आणि मधल्या सुट्टीपर्यंत पाणीच न पिणे हे इतके अंगवळणी पडले, की याला काही उपचार असू शकतो हा विचारच मनात येईनासा झाला.

गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली. रात्रभर चालून पहाटे परत येताना खाली विलक्षण जड वाटू लागले आणि घरी आल्यावर हाताला मऊसर फुगवटा लागला. सासूबाईंचे अंग बाहेर येते हे मी पाहिले असल्यामुळे फार घाबरले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासून सांगितले, की मूत्राशय थोडे खाली उतरले आहे, लघवीत जंतुसंसर्ग नाही, शस्त्रक्रियेची आत्ता गरज नाही आणि केगेलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे, व्यायाम करावेत. व्यायाम कसा करायचा हे मात्र एका छापील कागदावरच होते.

पुढचे चार महिने मी व्हिडिओ पाहून रोज शंभर वेळा तो व्यायाम केला. फरक पडला नाही, उलट संध्याकाळपर्यंत जडपणा वाढू लागला. म्हणून एका फिजिओथेरपी केंद्रात गेले. तिथे कोणतीही तपासणी न करता ओटीपोटावर आणि मांड्यांवर यंत्राचे पॅड लावून दहा बैठका केल्या. मध्ये केवळ एक पडदा होता आणि पलीकडच्या खाटेवर गुडघ्याच्या दुखण्याचे एक आजोबा. मला काय होते आहे हे तिथे मोठ्याने सांगणे शक्यच नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. पैसे गेल्याचे दुःख नाही, पण ते दोन महिने वाया गेल्याचे आहे.

खरी चूक मला घरीच कळली. एका रात्री दार लावून, पाठीला उशी घेऊन हातात लहान आरसा धरला आणि नेहमीसारखा व्यायाम केला. या स्नायूंची झोळी पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली असते. आकुंचन केले की ती आत आणि वर उचलली जायला हवी. आरशात मला दिसले ते उलटेच. मी श्वास रोखून, पोट घट्ट करून खाली ढकलत होते आणि तो फुगवटा प्रत्येक वेळी पुढे येत होता. म्हणजे चार महिने रोज शंभर वेळा मी, शौचाला कुंथावे तसा, त्याच दुबळ्या जागेवर जोर देत होते. त्यानंतर मी तो व्यायाम थांबवला आहे.

मग वाचायला सुरुवात केली. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या व्यायामाविषयी लिहिले, तेव्हा त्यासोबत योनीमार्गातील दाब मोजणारे एक साधनही वापरले होते, जेणेकरून आपण योग्य स्नायू आवळतो आहोत की नाही हे स्त्रीला स्वतःला दिसावे. आपल्याकडे व्यायाम पोहोचला आणि पडताळणी मागे राहिली, हे मला फार खटकते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांतही किमान तीन महिने देखरेखीखाली, दिवसातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचने असे प्रमाण दिले आहे. शंभरचा आकडा कुठून आला कोण जाणे. शिवाय काही जणींचे हे स्नायू सैल नसून कायम आवळलेले असतात, त्यांना आधी ते सोडायला शिकावे लागते आणि आणखी आवळल्याने त्रास वाढू शकतो, हेही तेव्हाच कळले. माझे नेमके काय आहे हे हाताने तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

एवढ्यात मी तीन दिवस लघवीची नोंद ठेवली आहे. किती वाजता, मापाच्या भांड्यात किती, त्याआधी काय प्यायले आणि कधी थेंब गेले, हे सगळे वहीत आहे. त्यावरून दिसते, की शाळेच्या वेळेत मी जेमतेम एक पेला पाणी आणि तीन कप चहा घेते, त्यामुळे मलावरोधही आहे आणि कुंथणेही. पाणी वाढवले आहे.

आता माझे प्रश्न. नाशिकमध्ये अशी महिला फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहे का, जी संमती घेऊन, स्वतंत्र खोलीत आतून तपासणी करते, स्नायूंची ताकद मोजते आणि मग व्यायाम ठरवते? राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असताना या शहरात अशी कोणीच नसेल असे मला वाटत नाही. फोनवर वेळ घेताना कोणते प्रश्न विचारले म्हणजे तिने याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे की नाही हे समजेल? ज्यांनी उपचार घेतले त्यांना साधारण किती बैठका लागल्या आणि फरक किती आठवड्यांनी जाणवू लागला? खोकल्याच्या ऐन आधी स्नायू आवळून धरायची सवय कोणाला जमली असेल, तर ती कशी जमली हेही लिहावे. इथे कोणी नसेल तर मुंबईला सकाळच्या पंचवटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याची तयारी आहे, पण मग पहिली तपासणी प्रत्यक्ष आणि पुढचे मार्गदर्शन व्हिडिओवरून असे कोणी करते का?

एक प्रश्न सासूबाईंसाठीही आहे. त्या 68 वर्षांच्या असून निफाडजवळ राहतात. त्यांचे अंग बारा वर्षांपासून बाहेर येते आणि तरीही द्राक्षबागेतले जाळीचे क्रेट त्या उचलतात. शस्त्रक्रियेला त्यांची तयारी नाही. आत बसवायच्या आधाराच्या रबरी कडीविषयी, म्हणजे पेसरीविषयी, मी वाचले आहे. त्या वयात ती वापरलेली कोणी आहे का, आणि ती बसवून घेतल्यावर धुण्याचे व तपासणीचे वेळापत्रक घरी कसे सांभाळले जाते?

मला शनिवारी दुपारी दोननंतर वेळ असतो आणि गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत कुठेही येता येईल. नाव उघडपणे लिहायचे नसेल तर खाजगी निरोप पाठवला तरी चालेल.