सड्यावर टॉवर येतोय, कातळशिल्पाचं काय?

सड्यावरचा: राजापूरकडे आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, हायटेन्शन लाइनच्या टॉवरचं मार्किंग झालंय आणि चुन्याच्या रेघेपासून चार पावलांवर कातळात कोरलेला मासा आहे हो, काय करू?

माहेरवाशीण: दादा, तहसीलदार आणि पुरातत्त्व विभागाला लेखी अर्ज द्या, फोटो आणि जीपीएस जोडून. केंद्र संरक्षित स्मारकाला १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी असते, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, पण बरीच कातळशिल्पं संरक्षितच नाहीत, तिथेच अडतं.

रत्नागिरीकर: सर्व्हे गवत गेल्यावर उन्हाळ्यातच करायला लावा, तोही संध्याकाळी, तिरपं ऊन पडलं की रेघा उठून दिसतात. कोकणातली काही कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलीत, अर्जात लिहा. जांभ्या दगडावर ब्रेकर चालला की गेलं सगळं.

सड्यावरचा: उद्याच जातो ताई, टॉवर थोडा सरकवा म्हणून सांगतो.