मदत हवी आहे: जुने पत्ते वळवायला ३०१ की ३०८?

मंडळी, नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) एक्सप्रेस फ्रेमवर्कमधली एक दुकानाची साईट आहे, तिचे सगळे पत्ते बदलतायत. नुसतं रीडायरेक्ट लिहिलं की एक्सप्रेस ३०२, म्हणजे तात्पुरतं वळवायचा कोड, पाठवतं, ते माहितीये, कायमचं हवं तर आकडा आधी द्यायचा. साध्या पानांना ३०१ (कायमचं वळवायचा कोड) देतोय, गूगललाही कळेल जागा बदलली म्हणून.

अडकलोय फॉर्मपाशी. जुन्या पत्त्यावर पोस्ट (फॉर्मची माहिती पाठवणारी विनंती) आलं की ३०१ नंतर ब्राउझर त्याचं गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करून टाकतो आणि ऑर्डर रिकामी येते, कर्लनेही (कमांड लिहून विनंती पाठवायचं साधन) तेच दिसलं. मग तिथे ३०८ (हाही कायमचाच कोड) टाकू का? त्यात पोस्ट पोस्टच राहतं ना, पण एकदम जुन्या मोबाईलवर काही लोचा?

दुसरं म्हणजे दिवाळी सेलचं पान, ते महिनाभरच वळवायचंय. क्लायंट म्हणतो सगळीकडे ३०१च ठोक, पण ते ब्राउझर कॅशमध्ये (स्वतःच्या साठ्यात) धरून बसतो, नंतर सर्व्हरवरून काढलं तरी गिऱ्हाईक तिकडेच जाणार, हे त्याला कोण सांगणार! मी ३०२ म्हणतोय. आणि ३०१ वाल्यांना सुरुवातीला कॅश-कंट्रोल हेडरमध्ये तासाभराचं मॅक्स-एज (किती वेळ साठवायचं ती मर्यादा) लावलं तर चालेल का, प्रॉडक्शनवर कोणी केलंय?

नियम शे-दोनशे होतील, कोडमध्ये ठेवू की पुढे बसवलेल्या एन्जिनएक्स वेब सर्व्हरच्या मॅपमध्ये (जुना पत्ता-नवा पत्ता यादीत)?