कॅज्युअल बाजूला टाकला की रँक्डच बिघडतं
‘कॅज्युअलवाले तसेही मनावर घेऊन खेळत नाहीत, तो मोड मेनूत खाली ढकलला तर काय बिघडतं?’ असं ऑनलाइन गेममधल्या कॅज्युअल मोडबद्दल (जिथे रँक पणाला लागत नाही) काही जण विचारतात. बिघडतं ते रँक्डमध्येच, म्हणजे हार-जीतीवर रँक ठरते त्या मोडमध्ये.

५ विरुद्ध ५ च्या मॅचला १० जण लागतात, तेही एकाच रीजनचे आणि साधारण सारख्या तयारीचे. कॅज्युअलची गर्दी आटली की तिथला मॅचमेकर (खेळाडू निवडून मॅच जुळवणारी यंत्रणा) रांग लांबू नये म्हणून तयारीची अट सैल करतो. मग नवखा पहिल्याच दिवशी मुरलेल्यांसमोर पडतो, चार-पाच मॅच मार खातो आणि गेम काढून टाकतो. उद्या रँक्डमध्ये येणारा खेळाडू तिथेच गळाला.

व्हॅलोरंट या ५ विरुद्ध ५ च्या शूटिंग गेमचंच घ्या. रँक्डला अकाउंट लेव्हल २० लागते. तोवर माणसांविरुद्धचं शिक्षण अनरेटेड, स्विफ्टप्ले अशा कॅज्युअल मोडमध्येच होतं. रँक्डमध्ये चौघांची पार्टीही (एकत्र खेळणारा गट) चालत नाही, मग चार मित्रांनी जायचं कुठे? आणि नवा एजंट (खेळायचं पात्र) शिकायचा कुठे? बॉटवर (संगणक चालवतो तो खेळाडू) नेम बसतो, पण स्मोक (नजर अडवणारा धूर) नेमका कधी टाकायचा हे समोर माणसं असल्याशिवाय कळत नाही. तो सराव रँक्डमध्ये झाला की भुर्दंड संघातल्या उरलेल्या चौघांना.

मोड नुसता जिवंत ठेवूनही भागत नाही. नवे मॅप आणि मिशनची प्रगती तिथेही मिळायला हवी.