एनबीए बास्केटबॉलची अंतिम मालिका २०२५ (मालिकेआधीची चर्चा): ओक्लाहोमा की इंडियाना?

प्रश्न: नियमित हंगामात ६८ सामने जिंकलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरसमोर ५० विजयांचा इंडियाना पेसर्स संघ किती टिकेल, असे आपणांस वाटते?

उत्तर १: थंडर लागणारे चार विजय मिळवून पाच सामन्यांतच मालिका संपवतील. त्यांचे बचावपटू डॉर्ट आणि कारुसो समोरच्याला श्वासही घेऊ देत नाहीत, आणि हिसकावलेल्या चेंडूंवर त्यांना आयते गुण मिळतात.

उत्तर २: इतकी घाई नको. आधीच्या फेरीत न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात पेसर्सच्या हॅलिबर्टनचा अखेरचा शॉट रिंगवर आदळून उंच उडाला आणि सरळ जाळ्यात पडला; पाय तीन गुणांच्या रेषेवर असल्याने दोनच गुण मिळून बरोबरी झाली, तरी जादा वेळेत पेसर्सनीच बाजी मारली. हा संघ चेंडू सहसा गमावत नाही, म्हणून मालिका सात सामन्यांची होईल. सातवा सामना ओक्लाहोमात असल्याने चषक मात्र थंडरकडेच जाईल.

उत्तर १: मग सहा म्हणू. थंडरचा प्रमुख खेळाडू गिलजस-अलेक्झांडर याला रोखणार कोण, हे मात्र आपण सांगितले नाही.