मारामारीत लाइन्समन लगेच मध्ये का पडत नाहीत?

प्रश्न: एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) दोघं भिडले तरी लाइन्समन, म्हणजे रेफरीचे मदतनीस पंच, थांबून बघतात. इथं नागपुरात पोरांच्या रोलर हॉकीला पंच म्हणून उभं राहायचंय. तसंच करायचं का?

उत्तर १: भाऊ, भांडणाऱ्यांचे हात मोकळे असताना शिरलात तर ठोसा तुम्हालाच बसेल. जोर ओसरला किंवा एखादा पडला, की दोन्ही लाइन्समन एकदम शिरतात आणि एकेकाला धरतात. एकालाच धरलं तर त्याचे हात अडकतात अन् तो फुकट मार खातो. सगळ्यात वाईट चूक हीच. जोर ओसरेपर्यंत पडलेल्या स्टिक बाजूला करा. रेफरी लांबून नंबर टिपतात.

उत्तर २: शिक्षा म्हणजे प्रत्येकी ५ मिनिटं बाहेर बसायचं. भांडण उकरणाऱ्याला वर २ आणि १० मिनिटं. तिसरा घुसला तर तो सामन्याबाहेर.

उत्तर ३: हे एनएचएलचं. आंतरराष्ट्रीय नियमांत भांडणारा सहसा सामन्याबाहेरच जातो. पोरांच्या खेळात वाट पाहू नका, ढकलाढकली दिसताच दोघांच्या मध्ये उभे राहा.