कचेरीतला सणासुदीचा खाऊ: आग्रह आवरावा की जीभ?

ऐरोलीकर (धागाकर्ता):

राखीपौर्णिमेपासून संक्रांतीपर्यंत आमच्या ऐरोलीच्या कार्यालयात गोडाधोडाचा मुक्काम असतो. नारळाच्या वड्या संपतात न संपतात तोच दीड दिवसाच्या गणपतीचे मोदक येतात, त्यांच्यामागून पाच आणि सात दिवसांवाल्यांचे पेढे, दसऱ्याला सर्व्हर रूमच्या पूजेचा प्रसाद, दिवाळीआधी पुरवठादारांचे सुक्या मेव्याचे आणि सोनपापडीचे डबे, दिवाळीनंतर प्रत्येकाच्या घरचा फराळ, मग नाताळचा केक आणि शेवटी तिळगूळ. वाढदिवस आणि नव्या गाड्या ही वरकड. प्रिंटरशेजारी ठेवलेल्या काजूकतलीची एक गंमत पाहण्यासारखी असते: ‘अर्धीच घेतो’ म्हणून जो माणूस कतली मोडून उरलेली अर्धी परत डब्यात ठेवतो, तोच थोड्या वेळाने कसलासा कागद छापायला येतो आणि ती अर्धी घेऊन जातो.

माझी तक्रार या पदार्थांबद्दल नाही. डबा घेऊन टेबलाटेबलावर फिरणाऱ्या आग्रहाबद्दल आहे. मधुमेह आहे असे सांगितले की डबा धरलेला हात सहानुभूतीने पुढच्या टेबलाकडे सरकतो. आज संकष्टी आहे म्हटले तर आदराने सरकतो. मात्र ‘वजन कमी करतो आहे’ हे खरे कारण सांगितले की तोच हात जागीच थांबतो आणि उलटतपासणी सुरू होते: एका पेढ्याने काय होतंय, तू कुठे एवढा जाड आहेस, देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये. रोग झाल्यावरचे पथ्य सर्वांना मान्य असते, आणि रोग होऊ नये म्हणून केलेले पथ्य मात्र नखऱ्यात जमा होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. या उंबरठ्यावरच्या माणसापाशी दाखवायला रोगाचे नाव नसते, आणि नेमके त्यालाच ‘नाही’ म्हणणे सर्वांत अवघड जाते.

म्हणून माझा प्रस्ताव असा की कार्यालयात आणलेला प्रत्येक खाऊ झाकण लावून पॅन्ट्रीत ठेवावा, टेबलावर नेऊन देऊ नये, आणि एकदा ‘नको’ ऐकल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये. ज्याला हवे तो उठून जाऊन खाईल.

नौपाड्याचे नाना:

दुःख समजले, उपाय पटला नाही. जीभ आपली आणि नियम मात्र साऱ्या कार्यालयाला, हा कुठला न्याय? आमच्या वेळी सरकारी कचेरीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एका ताटलीभोवती उभे राहून बर्फी खात असत आणि ज्याला नको असे तो हात जोडून बाजूला होत असे. त्यासाठी कोणी परिपत्रक काढले नव्हते.

शिवाय सणांमुळे वजन वाढते याचा बागुलबुवा फार झाला आहे. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या १९५ प्रौढांची वजने नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीपासून नववर्षानंतरपर्यंत मोजली गेली, तेव्हा सरासरी वाढ ०.३७ किलो निघाली, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. स्वतः त्या माणसांना मात्र आपण त्याच्या चौपट वाढलो आहोत असे वाटत होते. भीती चौपट आणि वजन दीडपाव, मग कशाला एवढा आटापिटा?

हिशेबनीस:

नानांनी अभ्यास बरोबर सांगितला, पण अर्धाच सांगितला. संशोधकांनी त्यांतल्या बहुतेकांची वजने पुढेही मोजली, आणि सणांत चढलेले ते वजन पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरले नव्हते. माणसाचे वजन वर्षाकाठी जेवढे वाढते त्याचा मोठा भाग या थोड्याशा आठवड्यांत चढतो आणि तिथेच राहतो, हा त्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष होता. अमेरिकेतला तो हंगाम दोन महिन्यांच्या आत आटोपतो. धागाकर्त्यांनी दिलेली यादी तब्बल पाच महिन्यांची आहे.

आता ‘एका पेढ्याने काय होतंय’ याचा हिशेब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे असेल तर रोज सुमारे ५५० कॅलरी कमी पडाव्या लागतात. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ आणि तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. २५ ग्रॅमचा एक पेढा शंभरापर्यंत जातो आणि एक मोठा समोसा अडीचशेच्या आसपास. दोन पेढे आणि एक समोसा पोटात गेला की पहाटे उठून तलावपाळीला मारलेल्या फेऱ्या आणि दुपारी सोडलेला भात, दोन्ही जवळजवळ फुकट गेले. देणाऱ्याला तो पेढा एकच दिसतो, कारण त्याला फक्त आपल्या हातचाच दिसतो. घेणाऱ्याकडे त्या दिवशी तिघांचे डबे फिरून गेलेले असतात.

‘तू कुठे जाड आहेस’ म्हणणाऱ्यांसाठीही एक मोजमाप आहे. भारतीयांसाठी शरीरभारांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) २३ झाला की जादा वजन आणि २५ झाला की स्थूलता धरली जाते, तर कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आहे. सदरा बाहेर काढून वावरणारे आपल्यातले कितीतरी सडपातळ दिसणारे लोक ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेले असतात.

तुर्भेकर:

मी सरळ उपवास सांगतो. मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. अडचण एवढीच की एक वाजता डबा उघडला की त्यातली पोळी-भाजी सर्वांना दिसते.

वागळे इस्टेटवाला:

काचेच्या इमारतीत बसणाऱ्यांना ‘पॅन्ट्रीत ठेवा’ म्हणणे सोपे आहे. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रे धुऊन पुसून घेतली जातात, लेथच्या चकला झेंडूची माळ पडते, नट आवळायचे पाने आणि मापाचे व्हर्नियर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, आणि नारळ फुटल्यावर मालक स्वतः प्रत्येक कामगाराच्या हातावर पेढा ठेवतात. वर्षभर ज्याच्याशी कामाशिवाय शब्द होत नाही तो माणूस त्या दिवशी समोर उभा राहून बायकामुलांची चौकशी करतो. त्याला मी काय सांगू, पेढे झाकून ठेवा, हवे तर येऊन घेईन?

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी भाऊबीज झाल्यावर कामावर येताना घरचा फराळ आणतात. स्टीलच्या डब्यात खाली शंकरपाळे, वर चिवडा, मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा. गेल्या दिवाळीत त्यांनी डबा उघडला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांना एकाएकी पथ्य आठवले; त्याच दुपारी साहेबांच्या घरून आलेल्या अनारशांना मात्र कोणाचेच पथ्य आडवे आले नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. डब्याचे झाकण लावून त्या भांडी विसळायला निघून गेल्या. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, यावर या समाजाने माणसांची उतरंड रचली, आणि ती मोडण्यासाठी पुढे ठिकठिकाणी सहभोजने घालावी लागली. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हाही प्रश्न नुसत्या घोटभर पाण्याचा नव्हता. धागाकर्त्यांच्या मनात असे काही नाही हे मी मानतो. परंतु नकार ज्याला दिला जातो त्याला आपल्या मनातले वाचता येत नाही, आणि ज्याने हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे त्याला शरीरभारांकाचा खुलासा पुरत नाही.

ऐरोलीकर:

वागळे इस्टेटवाल्यांनी सांगितलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, परंतु तो प्रसंग माझ्याच प्रस्तावाची बाजू घेतो असे मला वाटते. सगळे डबे पॅन्ट्रीत एका ओळीत असते, तर कोणी कोणाच्या डब्याला हात लावला आणि कोणाच्या नाही हे तपासायला तिथे कोणी उभे नसते. मावशींना तोंडावर नकार ऐकावा लागला तो डबा घेऊन फिरण्याच्या रिवाजामुळेच.

वागळे इस्टेटवाला:

मग मावशींनी काही आणले होते हेही कोणाला कळणार नाही. चिवडा संध्याकाळपर्यंत तसाच राहील आणि तो का राहिला हे विचारायलाही कोणी उरणार नाही. पथ्यावर असाल तर दोन शंकरपाळे घ्या आणि त्या दिवशी साहेबांचा अनारसा सोडा. एवढा हिशेब कोणालाही जमतो.

घणसोलीची:

येथे आतापर्यंत बहुधा पुरुषच लिहीत आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगते. लग्न झालेल्या बाईने कार्यालयात गोड नाकारले की ‘काय, काही विशेष?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि लग्न न झालेलीने नाकारले तर स्थळे बघताहेत वाटतं, असा. आपण बारीक व्हावे की होऊ नये याविषयी अख्ख्या विभागाला मत असते. त्यामुळे दुसऱ्यांदा विचारू नये या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मात्र डबा झाकून ठेवण्याला नाही. फराळ करणारी बाई नोकरी सांभाळून, रात्री स्वयंपाक आवरल्यावर भाजणीची उकड काढते, सोऱ्याने चकल्या पाडते, पहिला घाणा मऊ पडला तर पीठ पुन्हा मळते. दुसऱ्या दिवशी ठाणे स्थानकावर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत शिरताना ती डब्याला जेवढी जपते तेवढी पर्सलाही जपत नाही, कारण चकलीचे काटे मोडता कामा नयेत. तिने तो डबा कोपऱ्यात ठेवून गुमान जागेवर जाऊन बसायचे? चकली कुणीतरी तिच्यासमोर कुडूम करून मोडावी एवढीच तिची अपेक्षा असते. मी स्वतः वजन उतरवते आहे, तरीही एक चकली उभ्या उभ्या तिच्यासमोर खाते आणि बाकीच्यांना सरळ सांगते की आजची झाली. यावर अजून कोणी रुसलेले नाही.

पथ्यकर:

आहारशास्त्र हा माझा व्यवसाय आहे, म्हणून चर्चेत कोणी न काढलेला मुद्दा मांडते. खाऊ येतो बहुतेक वेळा पाच वाजता. डबा खाल्लेला असतो साडेबारा-एकला आणि वाशी किंवा ऐरोलीहून गाडी पकडून, रिक्षाच्या रांगेत उभे राहून घरी ताट समोर येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. आठ तासांच्या या खिंडारात पाच वाजता समोर आलेला पेढा हा निश्चयाची परीक्षा वगैरे नसतो. त्या माणसाला साधी भूक लागलेली असते. साडेचारला मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा उकडलेले अंडे पोटात गेले, तर पाच वाजता ‘नको’ म्हणायला फारसे मनोधैर्य लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी हे सांगते आणि पेढ्याचा विषय नंतर काढते.

दुसरे म्हणजे यंत्रातला चहा. तयार भुकटीत साखर आधीच मिसळलेली असते आणि ती कमी करण्याची सोय नसते. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी ती ८ ते १० ग्रॅम होते, आणि असे चार कप रोज, बारा महिने घेतले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि ती २५ ग्रॅमच्या आत आली तर उत्तम. चहाच्या यंत्रानेच ३२ ते ४० ग्रॅम दिल्यावर गणपतीच्या मोदकावर डोळे वटारणे मला तरी अन्यायाचे वाटते. उकडीच्या मोदकात निदान खोबरे तरी असते.

कॅन्टीन समिती:

या चर्चेत सरकारही आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ च्या मध्यावर सर्व मंत्रालयांना पत्र लिहून कार्यालयांत साखर आणि तेलाचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याचे सुचवले होते. त्यावरून समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी हाकाटी झाली, आणि जुलैमध्ये सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नाही, हे केवळ कामाच्या ठिकाणांसाठीचे आवाहन आहे. आम्हीही आमच्या कॅन्टीनमध्ये असा एक फलक लावला. लोक त्याच्यासमोर उभे राहून, गुलाबजामात किती साखर असते हे वाचत, हातातला गुलाबजाम संपवतात. फलकाने आग्रह थांबत नाही, हे ऐरोलीकरांनी लक्षात घ्यावे.

नौपाड्याचे नाना:

घणसोलीच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. दुसऱ्यांदा विचारू नये, कबूल. प्रसादाच्या बाबतीतही चिमूटभर घेऊन कपाळाला लावला की तो पोचतो. अख्खा पेढा खाल्ला तरच देव पावतो असे कोणत्याही पोथीत माझ्या वाचनात आलेले नाही. पण टेबलावर डबा नेण्यास बंदी घालणार असाल तर माझा विरोध कायम आहे.

ऐरोलीकर:

तेवढे झाले तरी मला पुष्कळ आहे. दुसऱ्यांदा न विचारण्याची सूचना मी या गणपतीआधी आमच्या मनुष्यबळ विभागाकडे देतो. घरच्या फराळाचे डबे फिरले तर फिरोत. पुरवठादारांचे डबे मात्र पॅन्ट्रीतच ठेवावेत, कारण त्यांच्यामागे कोणाची रात्र गेलेली नसते. उरलेली सोनपापडी आम्ही सुरक्षारक्षकांना आणि सफाई कामगारांना देऊन टाकतो, म्हणजे वायाही जात नाही.

वागळे इस्टेटवाला:

आपल्या पोटाला जे नको ते त्यांच्या पोटाला चालते, असे का धरता? रात्रपाळीच्या रक्षकालाही कंबर असते आणि तीही ९० सेंटीमीटरला मोजली जाते. पुरवठादाराला आधीच कळवा की डबे पाठवू नका. आणि रक्षकांना दिवाळीत काही द्यायचेच असेल तर पैशांचे पाकीट द्या.